सूडाचा आहेर : ‘सैराट’मधील मैत्री आणि नाते

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाची चर्चा प्रेमकथा म्हणून आणि जातवास्तवाचे चित्रण म्हणून विपुल झाली. गुन्हेपट म्हणून तो क्वचितच पाहिला गेला. वस्तुतः त्याचा शेवट दुहेरी खुनाचा आहे, त्यामागे काही वर्षे जपलेला सूड आहे, आणि पूर्वार्धाचा मोठा भाग तीन मित्रांच्या सख्याने व्यापलेला आहे. सूड आणि मैत्री या दोन सूत्रांचा येथील संबंध तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

परश्या, लंगड्या आणि सल्या यांचे सख्य जात, धर्म आणि शारीर व्यंग या तिन्ही सीमा सहज ओलांडते. उजनीच्या फुगवट्यापासून महामार्गावरील मोडनिंबपर्यंत पसरलेल्या करमाळा-माढा टापूची बोली त्यांच्या तोंडी आहे. परस्परांची टिंगल हीच तिच्यातील आपुलकीची रीत. दिग्दर्शक ती परक्या प्रेक्षकासाठी सोपी करीत नाही. हे मित्र निरोप्ये होतात, पहारा देतात, मार खातात, पोलीस कोठडीत सहआरोपी ठरतात. परंतु या मैत्रीच्या पाठीशी काहीच नाही : जमीन नाही, पद नाही, पंचायत नाही. तात्यांच्या बाजूला मात्र शेती आहे, वाडा आहे, राजकारण आहे; वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारणाऱ्या प्रिन्सला शिक्षा होत नाही, उलट शिक्षकालाच तो कोणाचा मुलगा हे समजावले जाते. अर्ची आणि परश्या गाव सोडतात तेव्हा मित्र मागे राहतात आणि कथानकही त्यांना जवळपास विसरते. उत्तरार्ध सैलावल्याची जी तक्रार झाली, तिचे मूळ बहुधा या रिकाम्या झालेल्या जागेत असावे. ती उणीव हेतुपूर्वक आहे असे म्हणण्यास आधार आहे. हैदराबादेत सुमनअक्का आसरा देते, काम मिळवून देते. तथापि गावातल्या वैराची तिला ओळख नाही.

याच वर्षी, अवघ्या तीन आठवड्यांच्या अंतराने, राजीव रवी यांचा ‘कम्मट्टिपाडम’ हा मल्याळम चित्रपट प्रदर्शित झाला. कोचीच्या वाढीत जमिनी गमावलेल्या दलितांची, आणि त्यांच्याच मुलांना गुंड म्हणून वापरून घेणाऱ्या व्यवस्थेची ती कथा. तेथे कृष्णन मुंबईहून परतून हरवलेल्या गंगाचा शोध घेतो आणि अखेर त्याच्या मारेकऱ्याला संपवतो. मैत्री तेथे सूडाचा अधिकार मिळवते. विनायकन यांनी उभा केलेला गंगा विलक्षण आहे. तरी शेवटच्या हत्येने प्रेक्षकाचा क्षोभ काही अंशी शमतो आणि जमिनीचा प्रश्न एका खलपुरुषाच्या मृत्यूपाशी थांबतो, हेही नोंदवले पाहिजे.

‘सैराट’मध्ये सूड मित्रांच्या वाट्याला येत नाही, तो नात्याच्या मालकीचा आहे, आणि नात्याच्याच रूपात दारी येतो. अर्चीने आईला फोन केलेला असतो, लेकराचा आवाज ऐकवलेला असतो. मग प्रिन्स माणसे घेऊन येतो. ती दारात रांगोळी काढते आहे. सोबत माहेरच्या भेटवस्तू आहेत. ती चहा ठेवते. मोडनिंबच्या प्रेक्षकाला माहेरचा आहेर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, म्हणूनच हे दृश्य त्याला सर्वाधिक झोंबते : क्षमेची जी खूण संस्कृतीने ठरवून दिली, तीच मारेकऱ्यांचा परवाना झाली आहे. प्रत्यक्ष हत्या पडद्यावर नाही. ध्वनीही काढून घेतला आहे. वैराचा आवेश, तलवार, आरोळी यांपैकी काहीही प्रेक्षकाच्या हाती लागत नाही. उरते ते रक्तात पाय भरलेले लेकरू.

हिंदी रूपांतर ‘धडक’ने (२०१८) कथा उदयपूरला नेली आणि शेवटही बदलला. तेथे नायक आणि मूल मारले जातात, नायिका जिवंत राहते, पाहते. साक्षीदार उरल्याने शोकाला वाचा मिळते, कदाचित प्रतिशोधालाही. मूळ चित्रपटात साक्षीदार बोलायला नुकता शिकलेला आहे. सल्या आणि लंगड्या यांना ही वार्ता कोणी कळवली, हेदेखील तेथे सांगितलेले नाही.