‘अनैसर्गिक’ म्हणजे कशाच्या तुलनेत? आंधळगावच्या मंडईत अडकलेला एक शब्द

प्रबंधाचं तिसरं प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आलं तेव्हा एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात दोनच शब्द: ‘कशाच्या तुलनेत?’ वाक्य माझंच. झाडीपट्टीच्या नाटकांतला अभिनय आणि संवाद ‘बरेचदा अनैसर्गिक’ असतात, असं मी लिहून मोकळी झाले होते. गंमत अशी की माझा विषयच मुळी मराठी नाट्यसमीक्षेतले ‘सहज’, ‘स्वाभाविक’, ‘कृत्रिम’ हे शब्द कोणी, कधी, कोणावर वापरले हा आहे. दुसऱ्यांचे शब्द तपासता तपासता मीच तो शब्द न तपासता वापरला होता. त्या दोन शब्दांचं उत्तर द्यायचा हा प्रयत्न आहे. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी ते नाटक. भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला मी ते पाहिलं. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक संपलं तेव्हा फटफटायला लागलं होतं. नायक आईचा निरोप घेतानाही प्रेक्षकांकडे तोंड करून, छाती पुढे काढून बोलत होता. बोलत होता तेही शुद्ध प्रमाण मराठीत. झाडीबोली फक्त विनोदी पात्राच्या तोंडी. आता या भागात ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी. त्या हिशेबानं आंधळगावचं आंधरगाव. म्हणजे मांडवात बसलेल्यांपैकी जवळपास कोणीच आपल्या आईशी त्या नायकासारखं बोलत नसेल. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे: ‘भाषा अनैसर्गिक, हावभाव अनैसर्गिक.’

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे उतरले होते त्या विणकर काकांना मी हेच जरा सोपं करून विचारलं. ते म्हणाले, “घरच्यासारखाच बोलला त मंग तिकीट काहाले काढाचा?”

तेव्हा मी हसले आणि हे वाक्य ‘रंजक प्रतिक्रिया’ म्हणून वहीच्या मागच्या पानावर टाकलं. ते मागच्या पानावर टाकणं हीच माझी चूक होती, कारण काका नाटकाविषयी एक भूमिका मांडत होते. रंगमंचावरची भाषा ही घरची भाषा नसतेच, आणि ती नसते म्हणूनच माणूस थंडीत रात्रभर बसतो.

माझ्या मनातला ‘निसर्ग’ मग आला कुठून? याचा माग मराठी नाटकात काढता येतो. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि पुढची काही दशकं पात्रांनी ऐन प्रसंगात गाणं हे प्रेक्षकांना अगदी रास्त वाटत होतं. बालगंधर्व स्त्रीभूमिका करत आणि घरंदाज बायका त्यांच्या लुगड्या-शालूंची, केशरचनेची नक्कल करत. यावर जरा थांबा. बाईपणाचं ‘नैसर्गिक’ रूप बायका एका पुरुष नटाकडून उचलत होत्या! मग 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’नं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं. (आंधळगाव ते आंधळ्यांची शाळा हा योग मी जुळवलेला नाही.) स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या, दिवाणखाना दिवाणखान्यासारखा दिसू लागला, बोलणं बोलण्यासारखं झालं. मराठी रंगभूमीवर स्वाभाविकता आली ती इथे, असं आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो.

ते चूक नाही. पण ते नाटक मुळात नॉर्वेच्या ब्यर्न्सन यांच्या नाटकावर बेतलेलं होतं. आपली स्वाभाविकता बोटीनं आली. शिवाय त्यातही गाणी होतीच आणि ज्योत्स्ना भोळे यांनी ती गायली. तीन भिंतींची खोली, चौथी जणू आहेच असं समजून प्रेक्षकांकडे पाठ करणारी माणसं, दोन-अडीच तासांत उलगडणारं कौटुंबिक रहस्य: हीसुद्धा एक ठरवून घेतलेली पद्धतच आहे. आपल्या डोळ्यांना ती इतकी सवयीची झाली की पद्धत म्हणून दिसेनाशी झाली. मांडवातला नट समोर बघून बोलतो ते मात्र लगेच दिसतं. उघड्यावर, शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं तर समोर बघूनच बोलावं लागतं, पडद्याआडच्या प्रॉम्प्टरचे शब्दही ऐकावे लागतात आणि हंगामात रोज वेगळ्या गावी उभं राहावं लागतं, हे मात्र दिसत नाही.

संगीतात हाच खटला जास्त स्वच्छ चालला, म्हणून जरा पेटीकडे वळू. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन किंवा पेटी नसेल तर लोक नाटक मानत नाहीत. आणि भारतीय संगीतात ‘अनैसर्गिक’ हा शिक्का एखाद्या वाद्यावर सर्वांत जोरात बसला असेल तर तो पेटीवर.

आक्षेप पोकळ नव्हता. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पा. त्यांना सेंट म्हणतात. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार षड्जापासून साधारण 386 सेंटवर लागतो. पेटीवरचा सगळ्या पट्ट्यांत समान अंतर ठेवून बसवलेला असतो, म्हणून 400 वर. तो 14 सेंट चढा आहे. धैवताचंही तसंच, 884 च्या जागी 900. एवढा फरक तयार कानाला टोचतो. शिवाय पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली वेगळी पितळी जिभली. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड तिच्यातून निघूच शकत नाही, दोन स्वरांमधली पायरी ऐकू येतेच. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला यावर उपाय म्हणून ‘श्रुती हार्मोनियम’ तयार करवली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांच्या प्रयोगांसाठी गळा दिला. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झाले आणि ती पेटी काही रुळली नाही. गवयी नेमक्या किती श्रुती लावतो हे पेटीत कोंबताना लक्षात आलं की गवयी दर वेळी तेच लावत नाही.

पुढे 1938 मध्ये दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीत सांभाळणाऱ्या जॉन फाउल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकूरांचाही पेटीला विरोध होता. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटी बंद केली ती 1971 मध्ये, तीही अंशतः, परत आली. नागपूर केंद्र 1948 चं. म्हणजे विदर्भातल्या माणसाला रेडिओनं पहिली वीसेक वर्षं जे ‘नैसर्गिक’ हिंदुस्थानी संगीत ऐकवलं त्यात पेटी नव्हती, आणि त्याच वर्षांत गावच्या मांडवात पेटीशिवाय पडदा उघडत नव्हता.

मांडवाला पेटीच का लागली? सारंगीची मुख्य तार सोडून खालच्या तीसेक तरफा जुळवायच्या, आणि कार्तिकातल्या रात्री दोन वाजता त्या उतरल्या की पुन्हा जुळवायच्या. पेटीला हवा मारली की स्वर तयार. आवाज मोठा, वाजवणारा एक माणूस पुरे, आणि बैलगाडीतून नेली तरी चालते. 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे नामांकित वादक होते. आज नाट्यगीत ऐकताना पेटीचा तो चढा गंधार कोणाला टोचत नाही. उलट पेटी काढली तर गाणं उघडं वाटेल. भीमसेन जोशींच्या मैफलीत अप्पा जळगावकरांची पेटी अनैसर्गिक वाटली असं म्हणणारा श्रोता मला अजून भेटायचा आहे. पेटी बदलली नाही, तिचा गंधार तिथेच आहे. आपला कान हलला.

म्हणून मला असं वाटू लागलं आहे की ‘अनैसर्गिक’ म्हणताना आपण त्या वस्तूबद्दल फार कमी सांगतो. आपण एवढंच सांगतो की मला इथे जोड दिसला. दोन पट्ट्यांमधली पायरी ऐकू आली, पावडरखालचा पुरुषी जबडा दिसला, घरच्या बोलीवर चढवलेली प्रमाण भाषा जाणवली. आणि जोड दिसणं ही चूकच असते, हे आपण न बोलता गृहीत धरतो. साहित्यातही हेच. नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) बोलल्यासारखी वाटते म्हणून आपण तिला सहज म्हणतो. पण त्या गद्याला दोन-चारदा मोठ्यानं वाचून बघा. असं कोणी बोलत नाही. ते फार कष्टानं लिहिलेलं बोलणं आहे, फक्त टाके आतल्या बाजूला आहेत.

टाक्यांवरून पुन्हा काकांच्या घरी येते. आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्याच्या कोशातून निघणारा हा धागा मुळातच एकसारखा नसतो. मध्येच जाड होतो, गाठ येते, रंगात मधाची झाक कमी-जास्त होते. आता गिऱ्हाईक काय म्हणतं? “हे खरं वाटत नाही, गाठी आहेत.” यंत्रावरचा गुळगुळीत धागा बघून डोळा इतका तयार झालाय की झाडावरचा धागाच संशयास्पद वाटतो. मग विकणाऱ्याला समजवावं लागतं की हा दोष नाही. आणि इथली करवतकाठी साडी घ्या. अंगाचा आडवा धागा वेगळा, दोन्ही काठांचे वेगळे, असे तीन धोटे चालतात. जिथे अंग आणि काठ एकमेकांत अडकवतात तिथे करवतीसारखे दाते उमटतात. तो जोड लपवलेला नाही. साडीला नावच जोडाचं आहे आणि भाव त्याचाच.

याचा अर्थ मांडवातलं सगळं चांगलं असा घेऊ नका. त्या रात्री दुसऱ्या अंकानंतर रेकॉर्डवर एक नाच झाला. तो मला तेव्हाही खटकला, आजही खटकतो. पण अनैसर्गिक म्हणून नाही. आधीच्या प्रसंगात ऑर्गनवाल्यानं नायिकेच्या रडण्याभोवती जो ताण धरून ठेवला होता, तो त्या नाचानं तोडला आणि नंतर कोणीच उचलला नाही. इथे जोड दिसला म्हणून नव्हे, जोडच मारला नाही म्हणून माझी तक्रार आहे. आणि हे वाक्य नट, लेखक, ऑर्गनवाला, कोणाशीही भांडण्याजोगं आहे. तो म्हणू शकतो की हंगामात गावोगाव नाचाची मागणी असते, तुम्ही एक दिवस येता. ‘अनैसर्गिक’ म्हटल्यावर मात्र तो काय बोलणार? निसर्गाशी कोण भांडेल!

आणि त्यात पैशांचा भागही आहे. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण अभ्यासक्रमात, समीक्षेत, महोत्सवांच्या निवडीत ही नाटकं ‘लोक’ या खणात जातात, आणि त्या खणात टाकण्याचं कारण विचारलं तर फिरून तोच शब्द येतो: भडक, ठोकळेबाज, अनैसर्गिक. माझ्या प्रकरणात तो शब्द छापून गेला असता तर पुढच्या एखाद्या संशोधकानं तो माझ्या नावानं उद्धृत केला असता.

तर समासातल्या प्रश्नाचं उत्तर: 1933 च्या दिवाणखान्याच्या तुलनेत. ते वाक्य मी खोडलं आहे. त्या जागी सध्या असं आहे: ‘नायक प्रमाण भाषेत आणि प्रेक्षकाभिमुख बोलतो, विनोदी पात्र झाडीबोलीत. प्रेक्षक हा भेद रंगमंचाचा संकेत म्हणून स्वीकारतात.’ ‘स्वीकारतात’वर माझं अजून अडलं आहे. आपली बोली फक्त हसण्यासाठी वापरलेली बघून मांडवातल्या कोणाला काहीच वाटत नसेल का, हे मी काकांना विचारलं नव्हतं. या दिवाळीनंतर विचारणार आहे.