कोट, धोतर आणि 'श्यामची आई'

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी 'श्यामची आई'ची एखादी तरी प्रत असतेच. ती आपण विकत घेतलेली नसते. मुलाच्या किंवा मुलीच्या सातव्या-आठव्या वाढदिवसाला आजी-आजोबांनी थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि लोणच्याच्या बरणीबरोबर बॅगेतून ती आणलेली असते. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'चि. ... हिस सप्रेम भेट' असे लिहिलेले असते, आणि पुढची पाने बहुधा एकमेकांना चिकटलेली असतात. त्याच वाढदिवसाला वर्गातली बारा-पंधरा मुले येतात, पिझ्झा होतो, रंगीत कागदांचा ढीग पडतो. लेगोचे खोके त्याच संध्याकाळी उघडते. साने गुरुजी शेल्फवर जातात.

मला या दृश्याची गंमत वाटायची आणि थोडी टोचणीही. म्हणून मागच्या हिवाळ्यात, बाहेर फूटभर बर्फ पडलेला असताना, ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचले आणि त्यातली काही प्रकरणे माझ्या दहा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवली. शाळेत असताना मी ते रडत रडत वाचले होते. या वेळी रडू कमी आले, राग दोन-तीनदा आला, आणि पुस्तक मात्र पूर्वीपेक्षा मोठे वाटले. आपण ते मुलांना चुकीच्या कारणासाठी देतो, असे माझे मत झाले आहे. संस्कारांचे पुस्तक म्हणून ते मला आता पुरेसे वाटत नाही. पण एका घराच्या ओढगस्तीच्या संसाराचे पुस्तक म्हणून त्याच्या तोडीचे मराठीत फार थोडे आहे.

पुस्तकाचा जन्म सर्वांना ठाऊक आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे होऊन गेली होती. दिवसा सक्तमजुरीचे काम आणि मिळेल त्या वेळी लेखन, अशा घाईतला हा मजकूर आहे, आणि ती घाई पुस्तकाला बाधलीही आहे, तारकही ठरली आहे. बेचाळीस रात्री श्याम आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. प्रत्येक रात्रीच्या आरंभी चांदणे, वारा, नदी आणि नंतर श्रोत्यांचे भरून आलेले डोळे. खरे सांगायचे तर हा सांगाडा आज फार जड वाटतो. गोष्ट आपल्याला रडवायच्या आधीच कोणीतरी शेजारी बसून रडू लागते. माझ्या मुलीने तिसऱ्याच रात्री विचारले, "हे सगळे सारखे का रडतात?" या प्रश्नाला 'तुला कळायचे नाही' हे उत्तर देणे सोपे होते. पण तिचे म्हणणे रास्त होते. त्यानंतर आम्ही प्रकरणांचे आरंभ-शेवट गाळून मधली गोष्टच वाचू लागलो, आणि पुस्तक एकदम सैल, मोकळे झाले.

कारण मधल्या गोष्टीत गुरुजींचे लक्ष वस्तूंवर असते. घरात काय आहे, काय नाही, कोणी आणले, किती उरले. एका प्रकरणाचे नावच 'तेल आहे, तर मीठ नाही!' असे आहे. 'पत्रावळ'मध्ये श्यामला पाने टोचून पत्रावळ लावता येत नाही आणि यायला हवी, एवढाच प्रश्न आहे. 'अळणी भाजी'त आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील आणि मुले एक शब्दही न काढता जेवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि ती चुटपुटते. न बोलणाऱ्यांचा मोठेपणा मोठा की नीट वाढता आले नाही म्हणून हळहळणारीचा, असा हा पेच आहे. मीठ संपले म्हणून गाडी काढून दुकानात जाणारी आपण माणसे. पण संध्याकाळी साडेसहाला दमून घरी आल्यावर केलेल्या आमटीला घरातले काय म्हणतात, यावर आपलीही रात्र अवलंबून असतेच की. गुरुजींनी ते किती बारकाईने पाहिले आहे, हे मला स्वतःचा संसार केल्यावरच दिसले.

आणि मग भेटवस्तू. या पुस्तकात भेटवस्तू फार थोड्या आहेत. म्हणून त्या लक्षात राहतात.

'आनंदाची दिवाळी'त वडिलांचे धोतर फाटलेले आहे. मुलांसाठी ते काहीतरी आणतात, स्वतःसाठी आणत नाहीत. आईकडे भाऊबीजेचे आलेले थोडे पैसे आहेत. त्यातून ती त्यांच्यासाठी गुपचूप धोतर आणवते आणि दिवाळीला त्यांच्या हातात देते. घरातले बोलणे यावर फार लांबत नाही. 'बंधुप्रेमाची शिकवण'मध्ये श्याम दापोलीला शिकायला आहे. खाऊला मिळालेले पैसे तो खर्च करीत नाही, साठवतो, आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. गणपतीसाठी भर पावसात पायी पालगडला निघतो. घरी पोचल्यावर आई कोट बघून आधी हरखत नाही. पैसे आले कुठून, हे आधी विचारते. कर्ज काढलेस का, फी भरली नाहीस का, कोणाचे घेतलेस का? या प्रश्नाला मागचा इतिहास आहे. पाहुण्याच्या खिशातले पैसे घेऊन पुस्तक विकत घेण्याचा त्याचा प्रताप 'मोठा होण्यासाठी चोरी' या पुढच्या प्रकरणात येतो. वाचनाच्या नादाने केलेली चोरी! आपल्यापैकी कितीजण तिला गुन्हा न म्हणता कौतुक म्हणतील, सांगा बरे.

आईचा तो संशय मला पूर्वी कठोर वाटत असे. आता त्यातच सगळे मर्म दिसते. भेट म्हणजे काय, तर देणाऱ्याने कशाशिवाय तरी राहून आणलेली वस्तू. म्हणून ती आली कुठून, हा प्रश्न महत्त्वाचा. आपल्या मुलांच्या वाढदिवसाला येणाऱ्या खोक्यांबद्दल हा प्रश्न उद्भवतच नाही. पार्टीच्या आदल्या दिवशी दुकानात शिरून वीस डॉलरच्या आत बसणारे काहीतरी उचलायचे, सोबत 'बदलून घेता येईल' अशी पावती द्यायची. घरात एक कपाट केवळ अशाच न उघडलेल्या, पुढच्या कोणाला तरी देऊन टाकायच्या वस्तूंचे असते. आमच्याकडेही आहे. यात वाईट वागणारे कोणी नाही. पण कोणी कशाशिवाय राहिलेलेही नाही.

इथेच मला पुस्तकाशी भांडावेसे वाटते. धोतराची गोष्ट वाचून झाल्यावर मुलीने विचारले, "मग आईला काय मिळाले?" मी म्हणाले, बाबांचा आनंद. ती म्हणाली, "ती काही भेट नाही." मी गप्प बसले. नव्वद वर्षे मराठी घरांनी या पुस्तकातून जे उचलले, त्यात सर्वांत सहज उचललेली गोष्ट हीच आहे की देणारी आई आणि घेणारे बाकीचे. गुरुजींनी हे जाणून लिहिले असे मी म्हणणार नाही. 'अर्धनारी नटेश्वर' या प्रकरणात मुलांनी बायकांची म्हणून समजली जाणारी कामे शिकली पाहिजेत असे ते सांगतात, आणि तेही त्या काळात. पण ते प्रकरण आपल्या घरांत कोणी पाठ केलेले मी ऐकले नाही. आईच्या त्यागावर भाषणे मात्र दर मातृदिनाला होतात, आणि भाषण चालू असताना स्वयंपाकघरात पुऱ्या कोण तळत असते तेही आपण पाहतो.

दुसरे भांडण 'श्यामचे पोहणे'बद्दल. मुलाला पाण्याची भीती वाटते, तो लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत विहिरीकडे पाठवते. नंतर तो पोहायला शिकतो. लहानपणी हा प्रसंग मला धीट आईचा वाटला होता. इथे वायएमसीएच्या तलावाकाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, मुलीच्या पोहण्याच्या वर्गाची वाट बघत तोच प्रसंग वाचताना मला अवघडल्यासारखे झाले. मारल्याने भीती जाते हे मला पटत नाही, आणि पुस्तकाच्या पुण्याईमुळे ते पटवून घ्यावे असेही वाटत नाही. पण आईला काय हवे होते तेही दिसले. गावात आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, आणि कोकणातल्या पावसात मुलगा बुडू नये. आपण मुलांना पोहणे, पियानो, सॉकर, शनिवारी गणिताचा वर्ग आणि रविवारी मराठी शाळा यांत फिरवतो, तेव्हा आपल्या हातात शिंपटी नसते. भीती मात्र तीच असते, आणि तीही बरीचशी लोक काय म्हणतील याचीच. गुरुजी ती भीती लपवत नाहीत. आपण तिला 'एक्सपोजर' म्हणतो.

तिसरी गोष्ट अवघड आहे, आणि ती टाळून हे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात एका म्हाताऱ्या महार बाईला लाकडांची मोळी डोक्यावर चढवता येत नाही, कोणी हात लावत नाही. आई श्यामला मदत करायला पाठवते आणि घरी आल्यावर आंघोळ कर असे सांगते. १९३३ साली हे लिहिणारा माणूस पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसला, हे लक्षात ठेवले तर आईपेक्षा मुलगा किती पुढे गेला ते कळते. पण प्रकरण एकटे वाचले तर मदत आणि आंघोळ ही दोन्ही एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसतात, आणि आंघोळीचे कोणालाच काही वाटत नाही. शाळेत मार्टिन ल्यूथर किंगबद्दल शिकलेल्या मुलाला ते लगेच खटकते. माझ्या मुलीला खटकले. 'तो काळच तसा होता' एवढ्यावर तिची बोळवण करण्याचा मला धीर झाला नाही. त्या रात्री दुसरी गोष्ट वाचली नाही, जातीबद्दलच बोललो. आमच्या दोघींच्या आयुष्यात ते बोलणे पहिल्यांदाच झाले. ते या पुस्तकामुळे झाले, हे मी पुस्तकाच्या जमेच्या बाजूला मांडते.

आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने पुस्तकाचे एक रूप आपल्या मनात कायम केले. वनमालाबाईंचा चेहरा आणि माधव वझे यांचा श्याम हे आता पुसता येणार नाहीत. त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, ते योग्यच होते. त्यातले द्रौपदी आणि कृष्णाचे गाणे आठवा. बोटाला बांधायला चिंधी हवी, आणि द्रौपदी अंगावरचे मोलाचे वस्त्र फाडून देते. धोतर आणि कोट यांचीच गोष्ट अत्र्यांनी पुराणातून सांगितली. पण पडद्यावर सगळे आईच्या चेहऱ्याभोवती गोळा होते आणि पुस्तकातला हिशेब, कर्ज, दवंडी पिटून होणारी बेअब्रू हे मागे सरते. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा त्यावर कृष्णधवल चित्रपट केला, म्हणजे ही गोष्ट संपलेली नाही.

मला विचाराल तर मुलांना हे पुस्तक एकटे देऊ नये. शेजारी चिं. वि. जोशी ठेवावेत. त्याच सुमाराचा मध्यमवर्गीय संसार, तीच पैशांची चणचण, पण चिमणराव आणि काऊ यांच्या घरात गुंड्याभाऊ आला की हसू आवरत नाही. संसार म्हणजे केवळ डोळे पुसणे नव्हे, हे मुलांना कळायला हवे. आणि ज्यांची मुले मराठी वाचू शकत नाहीत (याची लाज बाळगून काही होत नाही, त्यापेक्षा संध्याकाळची वीस मिनिटे काढावीत), त्यांच्यासाठी शान्ता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मराठीतली माया त्यात सगळी उतरत नाही, उतरणारही नाही. पण गोष्ट पोचते.

सुरुवात पहिल्या रात्रीपासून करू नका. 'पत्रावळ', मग 'अळणी भाजी', मग कोट. शेवटची चार-पाच प्रकरणे, आईच्या आजारापासूनची, दहा-अकरा वर्षांच्या आधी नकोत. आमच्याकडे ती अजून वाचलेली नाहीत. आजीच्या प्रतीत मुलीने मोळीच्या प्रकरणाशी एक खूण घालून ठेवली आहे. या उन्हाळ्यात पुण्याला गेलो की ती आजीलाच त्याबद्दल विचारणार आहे, आणि मी तेव्हा त्याच खोलीत असेन असे ठरवले आहे.