शेतावरचे युद्धकैदी

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पाडाव झालेल्या इटालियन सैनिकांपैकी ६० हजारांहून अधिक सैनिक हिंदुस्थानात आणले गेले. बंगलोर, भोपाळ, डेहराडून, योल येथे त्यांच्या छावण्या होत्या. १९४३ पासून त्यांतील हजारोंना पुन्हा जहाजांत चढवून ऑस्ट्रेलियास नेण्यात आले. तेथील तरुण लढाईवर गेले होते आणि शेते माणसांवाचून अडली होती. शेतकऱ्याने कैद्यामागे आठवड्याला १ पौंड सरकारात भरावा आणि माणूस घेऊन जावा, असा तो व्यवहार. ब्रिटनने ही वाट १९४१ च्या जुलैपासूनच धरली होती. युद्ध संपेतो तेथे दीड लाखावर इटालियन कैदी होते.

या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते, हे जेसी केसन (१९१६-१९९४) या स्कॉटिश लेखिकेच्या 'अनदर टाइम, अनदर प्लेस' या १९८३ च्या कादंबरीत आम्हांस दिसले. मायकेल रॅडफर्ड यांनी त्यावर केलेला चित्रपटही त्याच वर्षीचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील एका शेतमळ्यावर तीन इटालियन कैदी कामास येतात. शेजारच्याच खोपटात मळ्यावरील मजुराची तरुण पत्नी राहते. कादंबरी तिला नावदेखील देत नाही. ती त्यांतील लुईजीच्या ओढीत सापडते. पुढे त्याच्यावर बलात्काराचा आळ येतो आणि तो निर्दोष असल्याची साक्ष द्यायची, तर तिला स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागते.

कथानक एवढेच. काही वाचक नीतीच्या प्रश्नावरच अडखळतील. आमच्या मते पुस्तकाचे बळ दुसरीकडे आहे. केसन यांचा जन्म वर्कहाउसमधला, बालपण अनाथाश्रमातले, आणि पुढे त्यांनी स्वतः मळ्यावरच्या मजुराचा संसार केला. म्हणून त्यांना ठाऊक आहे की, त्या मळ्यावर बांधलेली माणसे तीनच नाहीत. मजुराचे घर मालकाचे. नोकरी सुटली की छप्पर गेले. बायकोचे कष्ट नवऱ्याच्या कराराच्या पोटातच धरलेले. आमच्या तामलवाडीच्या बाजूने ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. तेथेही नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत मन मानेल तेथे जाता येत नाही. मात्र आपला तोडकरी हंगाम सरला की गावी परततो. लुईजीला हंगाम नाही.

नेमके येथेच आम्हांस कादंबरी उणी वाटते. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, पुढच्याच महिन्यात तिने जर्मनीविरुद्ध युद्धही पुकारले. तरी हे लोक कैदीच राहिले, कारण पिके उभी होती. ऑस्ट्रेलियातले बहुतेक तर १९४६ च्या अखेरीपर्यंत घरी परतले नाहीत. १९२९ च्या जिनिव्हा कराराने साध्या शिपायाकडून काम घेण्यास मुभा दिली होती, युद्धकार्याशी थेट संबंध नसावा एवढे पथ्य घालून. बटाटे काढणे त्या पथ्यात बसते. परंतु देश शत्रू उरला नसताना माणूस कोणत्या न्यायाने अडकवून ठेवायचा? हा प्रश्न लुईजीच्या तोंडी यायला हवा होता. लेखिका त्याला गाणे, लाघव आणि नेपल्सचा उतावीळपणा देते. एवढ्यावर इटालियन माणूस उभा राहत नाही. तो शेवटपर्यंत त्या स्त्रीच्या नजरेतलाच राहतो. त्याचे गाव, त्याची आई, जहाजाच्या तळातले दिवस, यांतले फारसे काही आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

चित्रपटात ही उणीव किंचित भरून निघते. इटालियन नटांच्या चेहऱ्यावर एक परकी उदासी आहे, जी शब्दांनी साधली नव्हती. तरीही दोहोंतून एकच निवडायचे झाल्यास आम्ही पुस्तक निवडू. फिलिस लोगन हिचा अभिनय उत्तम आहे, पण चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईच्या पाठीचा ठणका केसन यांच्या तुटक, कोरड्या वाक्यांतच जाणवतो. पुस्तक लहान आहे. इंग्रजी वाचणाऱ्या घरांतील थोरांनी ते अवश्य मिळवावे.