अहवालांतील माणूस

लोकोपयोगी संस्थांच्या वार्षिक अहवालांस वाङ्मय म्हटल्यास कित्येक वाचकांस हसूं येईल. परंतु दाता आणि दुःखित यांची गांठ बहुधा त्याच पानांवर पडते. तेव्हां त्यांची भाषा, मांडणी व चित्रें यांचें परीक्षण टीकाकारानें आपलें काम मानावें. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठीं झटणाऱ्या संस्थांच्या अहवालांस ही कसोटी विशेषच लागू पडते.

प्रतिबंधाचें यश म्हणजे जें घडलें नाहीं तें. आणि न घडलेल्या गोष्टीचें छायाचित्र निघत नाहीं. मग उद्घाटनें, हारतुरे आणि पाहुण्यांची भाषणें यांनींच पानें भरतात. अथवा दात्याचें हृदय द्रवावें म्हणून एखाद्या बाधिताचा खिन्न चेहरा मुखपृष्ठावर येतो. हा दुसरा दोष अधिक घातक होय. संमतीवांचून कोणाचीहि बाधा उघड करण्यास २०१७ च्या कायद्यानें, थोडे अपवाद वगळतां, मनाई केली आहे. परंतु ज्याच्या हातून साहाय्य घ्यावयाचें त्यालाच नकार देणें किती जणांस साधेल? शिवाय नांव गाळून गांव, वय आणि धंदा छापला, तर लहानशा खेड्यांत ओळखावयाचें तें काय राहिलें?

येथें वर्ध्याचा अनुभव मार्गदर्शक ठरावा. कुष्ठरोग आणि एचआयव्ही यांत अंतर पुष्कळ. परंतु रोगापेक्षां लोकापवाद अधिक जाळतो, हें दोहोंत समान. मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं दत्तपूर येथें कुष्ठसेवा आरंभिली. पुढें १९५१ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशननें पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली. रोगी दाराशीं येण्याची वाट न पाहतां सेवकांनींच घरोघर जावें, हें त्या पद्धतीचें मर्म.

चांगल्या अहवालाचा सांगाडा यांतूनच मिळतो: किती वस्तीपर्यंत पोंचलों, कितींनीं तपासणी करून घेतली, कितींना बाधा आढळली, कितींचे उपचार चालू आहेत, आणि कितींचे मध्येंच सुटले. बाधितांची संख्या घटली एवढेंच सांगून तपासण्यांची संख्या झांकली, तर घट रोगाची कीं कामाची हें वाचकास कळत नाहीं. उपचार सुटलेल्यांचा आंकडा छापण्यास धैर्य लागतें. परंतु अहवालाची सचोटी त्याच्यावरूनच ओळखावी.

ज्या बाधितास स्वतः बोलावयाचें असेल त्यानें अवश्य बोलावें. मात्र छापण्यापूर्वीं तें पान त्याच्या हातीं द्यावें, आणि तें परत घेण्याचा त्याचा अधिकार अबाधित ठेवावा. दात्यास पुरा हिशेब आणि दुःखितास पुरा आडोसा, हीं दोन्हीं ज्या अहवालांत साधलीं, तोच सुंदर म्हणावा. मग त्याचा कागद कितीहि साधा असो.