जत्रा, तमाशा, मेळा आणि प्रदर्शन : एक शब्दविचार

पुष्कळ लोकांनीं एके ठिकाणीं जमून कांहीं पाहावें, अशा प्रसंगास मराठींत हल्लीं ‘प्रदर्शन’ हा एकच शब्द सर्रास लाविला जातो. बोलण्यांत तसें झालें तर आमची तक्रार नाहीं. परंतु जुन्या कागदांवर टिपा देतांनाहि जत्रा, तमाशा, मेळा यांचा अर्थ याच एका शब्दानें भागविलेला आमच्या पाहण्यांत येतो. हे शब्द पर्यायी भासतात, समानार्थक मात्र नाहींत. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे सन १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील उदाहरणें घेऊन हा भेद दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. ‘या’ म्हणजे जाणें, या धातूपासून ‘यात्रा’ झाला. योगीचा जसा जोगी, तसा यात्रेचा ‘जत्रा’. ‘तमाशा’ हा मूळचा अरबी शब्द चालणें या अर्थाच्या धातूपासून निघून फारशीच्या द्वारें आपल्याकडे आला. ‘मेळा’ हा मिळण्यावरून. ‘उरूस’ हा लग्न या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. साधुपुरुषाची पुण्यतिथि हें त्याचें ईश्वराशीं मीलन, ही त्यामागील कल्पना. उलट ‘प्रदर्शन’ म्हणजे दाखविणें. जाणें, चालणें, मिळणें या क्रिया येणाराच्या आहेत. दाखविणें ही मांडणाराची. रूढ प्रयोगहि याची साक्ष देतो. जत्रा ‘भरते’, प्रदर्शन बहुधा ‘भरविलें’ जातें.

आतां किनाऱ्याकडे वळूं. कार्तिकांत आवासचा नागेश्वर, कनकेश्वर व वरसोलीचा विठोबा यांच्या जत्रा होतात. मार्गशीर्षी पौर्णिमेस चौलास दत्ताची. तेथें दुकानें लागतात, माल मांडला जातो, पाळणे फिरतात. तेवढ्यावरून तें प्रदर्शन ठरत नाहीं. जत्रेस तिथि लागते, दैवत लागतें. दुकानें त्यांच्या मागून येतात. ख्रिस्ती सणास लाविला जाणारा ‘फेस्त’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, तोहि सणाचाच वाचक आहे. त्याच भाषेनें आपणांस दिलेला ‘लिलाव’ मात्र निव्वळ विक्रीचा. चौल-रेवदंड्याच्या परिसरांत, जेथें या सर्व भाषा बंदरांत उतरल्या, तेथील कागद वाचणाराने हे भेद विसरून चालणार नाहीं.

हा केवळ शब्दांचा खल नव्हे. जत्रेच्या मागें हक्क असतात. पालखी प्रथम कोणाच्या दारीं थांबावी, नारळ कोणास मिळावा, विडा कोणी घ्यावा, यांवरून झालेले मानपानाचे तंटे वतनी कागदांत ठिकठिकाणीं आढळतात. प्रदर्शनास प्रवेशमूल्य असतें, मान नसतो. अशा कागदांतील ‘जत्रा’ शब्दाची टीप ‘प्रदर्शन’ अशी दिली, कीं तंटा कशाचा हेंच वाचकास कळेनासें होतें. वादी-प्रतिवादी क्षुल्लक गोष्टीसाठीं भांडणारे दिसूं लागतात, आणि मूळ हक्काचा पुरावा टीपेखालीं गाडला जातो.

चूक दुसऱ्या बाजूनेंहि होते. एखाद्या पत्रांत ‘दारूकामाचा तमाशा पाहिला’ असें आलें, तर तेथें ढोलकी व लावणी शोधूं नये. कोणताहि प्रेक्षणीय प्रकार हाच या शब्दाचा व्यापक अर्थ असून लोकनाट्य हा त्याचा विशिष्ट अर्थ होय. तसेंच, सन १८९४ नंतरच्या गणेशोत्सवाच्या कागदांत ‘मेळा’ आला, तर तो बहुधा गाणाऱ्या मंडळींचा संच असतो, बाजार नव्हे.

मग ‘प्रदर्शन’ हा शब्द टाकावा काय? मुळींच नाहीं. ज्यास दुसरें नांवच नव्हतें, अशा नव्या वस्तूस हा शब्द चपखल बसला. सन १८५१ त लंडन येथें भरलें तें प्रदर्शनच; सन १९०४ सालीं मुंबईस राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाबरोबर भरलें तेंहि औद्योगिक प्रदर्शनच. हैदराबादेस सन १९३८ पासून अशाच प्रकारास ‘नुमाईश’ म्हणतात; तिचाहि अर्थ दाखविणें हाच. मात्र जें कायमचें मांडलेलें, तें संग्रहालय. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचीं शिल्पें सासवणें येथें त्यांच्या घरीं जतन केलेलीं आहेत. त्यांस प्रदर्शन म्हणणें सैल होईल. आणि रस्त्यावरील निषेधास मराठींत ‘निदर्शनें’ हा स्वतंत्र शब्द असतां हिंदीच्या वळणानें ‘प्रदर्शन’ म्हणणें हा तर उघड गोंधळ आहे.

संग्राहकांस व संपादकांस आमची सूचना एवढीच, कीं मूळ शब्द जसाच्या तसा छापावा, आणि टीपेंत पर्याय देण्याऐवजीं चार गोष्टी सांगाव्या: निमित्त काय, तिथि कोणती, मान कोणाचा आणि देणेंघेणें कशाचें. तसेंच जत्रेच्या जाहिराती, दुकानांच्या जागेच्या पावत्या व मानकऱ्यांच्या याद्या यांसहि दप्तरांत जागा द्यावी. आम्ही जुने कागद काचेखालीं मांडून प्रदर्शन भरवितों, तें योग्यच आहे. पण त्या कागदांतील जत्रा जत्राच राहिली पाहिजे.