पडदा, झोप आणि वजन : एका निष्कर्षाची चिकित्सा

मुलांचा मोबाइल व टीव्हीचा वापर, त्यांची झोप आणि त्यांचे वजन यांचा परस्परसंबंध दाखविणारे विपुल संशोधन गेल्या दोन दशकांत पुढे आले आहे. पालकसभांतून त्याचे निष्कर्ष सर्रास सांगितले जातात. ते आपल्या विद्यार्थ्यांना कितपत लागू पडतात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील फुलर व सहकारी यांचा अभ्यास (२०१७) या विषयात वारंवार उद्धृत होतो. ८ ते १७ वर्षे वयाच्या मुलांच्या २३४ पालकांकडून माहिती घेण्यात आली. झोपण्यापूर्वी टीव्ही पाहणारी मुले सुमारे अर्धा तास, तर मोबाइल वापरणारी सुमारे एक तास कमी झोपत असल्याचे आढळले. उपकरणांचा वापर व अधिक बॉडी मास इंडेक्स यांचा संबंधही दिसला. परंतु ही एकवेळची पाहणी आहे. मोबाइलमुळे झोप उडते, की झोप न येणारे मूल मोबाइल हाती घेते, हे तीवरून ठरत नाही. कार्टर व सहकारी यांनी २०१६ मध्ये २० अभ्यासांतील १,२५,१९८ मुलांची माहिती एकत्र केली. झोपेच्या वेळी उपकरण वापरणाऱ्यांत अपुऱ्या झोपेचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले. संख्या मोठी असली, तरी बहुतेक अभ्यास पाहणीचेच असल्याने मूळ प्रश्न शिल्लक राहतो.

पडद्याच्या प्रकाशाचे कारण नेहमी पुढे केले जाते. चँग व सहकारी यांच्या प्रयोगात (२०१४) १२ प्रौढांनी झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचन केले; त्यांना झोप लागण्यास सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. एक तासाची तूट यातून उलगडत नाही. झोपेची वेळच पडद्याने बळकावणे, हे अधिक सरळ स्पष्टीकरण होय.

वजनाबाबत रॉबिन्सन यांचा सॅन होजे येथील प्रयोग (१९९९) अधिक भक्कम आहे. तिसरी-चौथीच्या १९२ मुलांपैकी एका शाळेतील मुलांना टीव्ही कमी करण्याचे पाठ दिले गेले. दुसऱ्या शाळेच्या तुलनेत त्यांच्या बॉडी मास इंडेक्समधील वाढ कमी राहिली. येथे कारण-परिणाम संबंधाला आधार मिळतो. मात्र शाळा दोनच होत्या, आणि प्रश्न मोबाइलचा नव्हता.

आपल्याकडे 'वजन' या शब्दाचा अर्थच दुहेरी आहे. राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणानुसार (२०१६-१८) देशातील १० ते १९ वयोगटात २४ टक्के मुले कृश, तर ५ टक्के अतिवजनाची होती. झोप कमी होणाऱ्या कृश मुलाला लठ्ठपणाची भीती घालणे व्यर्थ आहे. त्याचे नुकसान वर्गातील पेंगण्यात दिसेल. मोजमापासाठी परदेशी तक्त्यांऐवजी डॉ. वामन खाडिलकर व सहकाऱ्यांनी सुधारलेले भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढतक्ते वापरणे योग्य.

झोपेला दुसरे टोकही असते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असा आदेश काढला, तो झोपेच्याच कारणाने. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. एका उपायाने शाळेची वेळ बदलली, दुसऱ्याने घराची सवय. दोन्ही ठिकाणी भार एकट्या मुलावर टाकलेला नाही.

भोपाळच्या अवधपुरीसारख्या, भेल कारखान्यालगतच्या वस्तीत पाहणी करावयाची झाल्यास घरातील कामाच्या पाळ्या, खोल्यांची संख्या आणि एकच मोबाइल किती जण वापरतात, हे विचारावे लागेल. आपल्या समाजात आणखी एक दक्षता हवी. रमजानमध्ये तरावीह व सहरीमुळे घराचे झोपेचे वेळापत्रकच बदलते. त्या महिन्यात घेतलेली माहिती मोबाइलच्या खाती जमा झाली, तर निष्कर्ष साफ चुकेल. आपले विद्यार्थी प्रकल्पासाठी अशा प्रश्नावल्या दरवर्षी भरून घेतात. त्यांत महिन्याची, शाळेच्या वेळेची आणि प्रत्यक्ष मोजलेल्या उंची-वजनाची नोंद आवर्जून असावी. रात्री मोबाइल दूर ठेवण्याचा सल्ला त्यासाठी थांबविण्याचे कारण नाही. तो देताना पुराव्यापेक्षा अधिक दावा करू नये, इतकेच.