बांधाच्या आंतील आणि बांधाबाहेरील

कोणत्याही देशाची कला समजून घ्यावयाची असल्यास प्रथम त्या देशाची माती पाहावी, असें रसिकजन सांगतात. नेदरलँड्सच्या बाबतींत हा उपदेश पाळूं गेल्यास एक चमत्कारिक अडचण उभी राहते. कारण तेथील बरीचशी माती निसर्गानें दिलेली नसून माणसांनीं पाण्यापासून हिसकावून घेतलेली आहे. देशाच्या नांवाचा अर्थच मुळीं 'सखल प्रदेश' असा आहे, आणि त्याची सुमारें चतुर्थांश भूमि समुद्रसपाटीच्या खालीं आहे. अशा ठिकाणीं जमीन ही सुद्धां एक मानवी कृति ठरते. आणि कृति म्हटली कीं तिचा कर्ता कोण, तिचा खर्च कोणीं सोसला, हे प्रश्न टीकाकारास टाळतां येत नाहींत. तेथील सतराव्या शतकांतील चित्रकलेकडे आणि एकोणिसाव्या शतकांतील एका कादंबरीकडे या प्रश्नांच्या उजेडांत पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम बांधाविषयीं. एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे ऱ्हाईन, म्यूज यांसारख्या नद्या यांच्या कचाट्यांत सांपडलेल्या या लोकांस फार लवकर एक गोष्ट उमजली, ती ही कीं, शिवार कोणाचें हें पाणी विचारीत नाहीं. शेजाऱ्यानें आपल्या वांट्याचा बांध हयगयीनें ठेविला तर आपलेंही घर बुडतें. म्हणून तेराव्या शतकापासूनच तेथें बांध, कालवे व पाण्याचे दरवाजे यांची देखरेख करणारीं जलमंडळें उदयास आलीं. त्यांस कर बसविण्याचा व कसूर करणारास दंड करण्याचा अधिकार असे. आणि जलमंडळांचा कारभार तेथें आजही चालू आहे. १४२१ सालच्या सेंट एलिझाबेथच्या पुरांत गांवेंच्या गांवें पाण्याखालीं गेलीं. १९५३ सालीं समुद्र बांध फोडून आंत शिरला तेव्हां १८३६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. सामुदायिक दक्षता हा या देशांत नीतिपाठांतील धडा नसून जीव वांचविण्याचा उपाय आहे.

या दक्षतेचें एक देखणें फळ म्हणजे ॲमस्टरडॅमच्या उत्तरेकडील बेम्स्टर. तेथें पूर्वीं मोठें सरोवर होतें. त्याच्या भोंवतीं बांध व कालवा घालून, पवनचक्क्यांच्या रांगा लावून, पाणी टप्प्याटप्प्यानें वर उचलून, १६१२ सालीं तें कोरडें करण्यांत आलें. यान लेघवाटर हा पवनचक्क्यांचा जाणता कारागीर त्या कामीं होता. तळाशीं जी जमीन निघाली ती समुद्रसपाटीपेक्षां सुमारें साडेतीन मीटर खोल आहे. तिच्यावरील रस्ते व पाट दोरी लावून आंखल्यासारखे सरळ आहेत, आणि १९९९ सालीं युनेस्कोनें तिची गणना जागतिक वारशांत केली. परंतु या कामास पैसा कोठून आला? तो व्यापाऱ्यांनीं घातला. आणि त्यांतील एक प्रमुख, डिर्क व्हान ओस, हा १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांपैकीं होता. पूर्वेकडे गलबतें धाडणारा आणि सरोवर आटविणारा हात एकच होता. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील विवेचनाचा धागा तोच आहे.

आतां चित्रांकडे वळूं. याकोब व्हान राइस्डाल यानें १६७० नंतरच्या कांहीं वर्षांत काढलेलें हार्लेम शहराचें एक दृश्य हेग येथील मॉरिट्सहाउस या संग्रहालयांत आहे. चित्र लहानसेंच, दोन्ही बाजूंनीं सुमारें दोन फूट. त्याचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग आकाशानें व्यापिला आहे. क्षितिजावर सेंट बाव्होचें प्रचंड प्रार्थनामंदिर उभें आहे. पण त्यावरील मेघांपुढें तें नखाएवढें दिसतें. खालीं, समोरच्या कुरणांत, तागाचें कापड शुभ्र होण्यासाठीं लांबच लांब पट्ट्यांनीं पसरलें आहे, आणि ढगांतून निसटलेला उजेड मधूनच जमिनीवर उतरला आहे. येथें देवता नाहींत, वीर नाहींत, पुराणांतील प्रसंग नाहीं. ज्या देशांत डोंगर नाहीं तेथील चित्रकारानें उंची कोठून आणावी? राइस्डालनें ती मेघांतून आणिली. आणि जो उजेड शहरावर पडतो तोच धोब्यांच्या कुरणावरही पडतो, यांत या चित्राचें खरें मोठेपण आहे. सामान्य कामास इतकी प्रतिष्ठा तोंपर्यंत क्वचितच कोणा चित्रकारानें दिली असेल.

हा समभाव कांहीं आकाशांतून पडला नाहीं. स्पेनच्या राजसत्तेशीं १५६८ पासून १६४८ पर्यंत झगडून या प्रांतांनीं आपलें प्रजासत्ताक राज्य स्थापिलें. प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरांतून वेदीवरील चित्रांस स्थान उरलें नाहीं. मोठा राजदरबारही नव्हता. तेव्हां चित्रकारास आश्रय मिळाला तो दुकानदारांचा, वकिलांचा, सुखवस्तु कारागिरांचा. त्यांस दिवाणखान्यांत टांगण्याजोगीं, आपल्या ओळखीचीं चित्रें हवीं होतीं. व्हर्मीरची दूध ओतणारी मोलकरीण ही याच आश्रयाची कन्या होय.

परंतु याच दिवाणखान्यांत आणखी एका जातीचीं चित्रें टांगलेलीं असत. हार्लेमच्याच पीटर क्लास यानें १६२७ सालीं एक मांडलेलें मेज रंगविलें आहे. त्यावर चिनी मातीचें भांडें आहे, दूरच्या समुद्रांतील शिंपल्याचा पेला आहे, आणि पंचांगाच्या फाटक्या पानाच्या पुडींत मिरपूड आहे. ती पुडी इतक्या प्रेमानें काढिली आहे कीं, हात पुढें करून उचलावी असें वाटतें. मात्र ती मेजावर आली कशी, याची यत्किंचित् सूचना चित्रांत नाहीं. राइस्डालच्या कुरणांत कापड वाळविणारीं माणसें लहान कां होईना, पण दिसतात. क्लासच्या मेजावरील मिरीं वेलीवरून तोडणारा हात मात्र कोठेंही दिसत नाहीं. बांधाच्या आंतील श्रमाला या कलेनें उजेड दिला. बांधाबाहेरील श्रम तिच्या लेखीं नव्हताच.

त्या बाहेरच्या बाजूला आमचीही भूमि होती. या लोकांस आमचे पूर्वज वलंदेज म्हणत, आणि सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या 'आज्ञापत्रां'त रामचंद्रपंत अमात्यांनीं इंग्रज, वलंदेज इत्यादि टोपीकरांविषयीं सावध केलें आहे तें याच अर्थानें: हे इतर सावकारांसारखे केवळ सावकार नव्हेत, यांच्या पाठीशीं राज्यें उभीं आहेत. हार्लेमच्या मेजावरील मिरपुडींत जें दिसत नव्हतें तें कोंकणच्या किनाऱ्यावरून स्पष्ट दिसत होतें. त्याचा अत्यंत भीषण पुरावा बांदा बेटांत मिळतो. जायफळाचा मक्ता आपल्या एकट्याकडे राहावा म्हणून १६२१ सालीं यान पीटरझोन कून यानें तीं बेटें जिंकिलीं. तेथील बहुतेक रहिवासी मारले गेले, गुलाम करून नेले गेले अथवा परागंदा झाले.

चित्रकलेनें जें सांगितलें नाहीं तें सांगावयास दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. १८३० पासून जावा बेटांत सरकारनें सक्तीच्या लागवडीची पद्धत सुरू केली. तिच्यान्वयें रयतेस आपल्या जमिनीच्या कांहीं हिश्शांत कॉफी, ऊंस, नीळ हीं निर्गतीचीं पिकें काढून द्यावीं लागत. पुढील सुमारें साडेचार दशकांत या मार्गानें नेदरलँड्सच्या तिजोरींत ८० कोटींहून अधिक गिल्डर जमा झाले. एडुआर्ड डौवेस डेकर हा १८५६ सालीं जावांतील लेबाक येथें दुय्यम अधिकारी होता. तेथील देशी अधिपति रयतेस नागवीत आहे अशी तक्रार त्यानें केली. वरिष्ठांनीं पाठबळ दिलें नाहीं. त्यानें राजीनामा दिला. नंतर ब्रुसेल्समध्यें दारिद्र्यांत राहून त्यानें 'माक्स हाव्हलार' ही कादंबरी लिहिली, आणि ती १८६० सालीं 'मुल्टाटुली', म्हणजे 'मीं पुष्कळ सोसलें आहे', या लॅटिन टोपणनांवानें प्रसिद्ध झाली.

या पुस्तकाची बांधणी मोठी मार्मिक आहे. प्रथम बोलतो तो ॲमस्टरडॅममधील ड्रोगस्टॉपल नांवाचा कॉफीचा दलाल: धर्मभीरु, हिशेबी, कवितेचा शत्रु. त्याच्या नांवाचा अर्थच 'वाळका खुंट' असा होतो. एका दरिद्री बालमित्राचें, ज्यास तो उपहासानें 'शालवाला' म्हणतो त्याचें, कागदांचें बाड त्याच्या हातीं येतें. त्यांत कॉफीविषयीं कांहीं माहिती असेल या लोभानें तो तें एका तरुणाकडून लिहून काढवितो, आणि कॉफीच्या ठिकाणीं जावांतील रयतेचें रडणें बाहेर पडतें. सैजा आणि अदिंदा यांची कथा त्यांतच येते. सैजाच्या बापाचा रेडा अधिकारी हिरावून नेतो, पुनः दुसरा घेतला तर तोही नेतो. मग रेडे विकत घेण्यापुरता पैसा मिळवावयास दूर गेलेला मुलगा परत येतो तों त्याची वधू नाहीं आणि तिचें घरही नाहीं. ड्रोगस्टॉपल म्हणजे त्या जुन्या चित्रांतील नीटनेटक्या दिवाणखान्याचा मालकच होय. डेकरनें त्यास तेथेंच बसविलें आणि त्याच्या मेजावर मिरपुडीऐवजीं तिचा हिशेब ठेविला.

तथापि या ग्रंथाची स्तुति करितांना त्याची मर्यादा झांकून ठेवणें योग्य नव्हे. शेवटीं लेखक स्वतः पुढें येऊन आपल्या पात्रांस दूर सारतो आणि राजाकडे दाद मागतो. त्याची मागणी चांगल्या राज्याची आहे, स्वराज्याची नाहीं. दोषाचा मोठा भार त्यानें देशी अधिपतीवर टाकिला आहे, आणि त्या अधिपतीस पोसणाऱ्या व्यवस्थेकडे त्याची दृष्टि त्या मानानें कमी वळते. जावांतील माणसें त्याच्या पुस्तकांत सोसतात, गातात, मरतात. राज्यकारभाराविषयीं त्यांचें मत मात्र कोणी विचारीत नाहीं. तें त्यांनीं १९४५ सालीं स्वातंत्र्य पुकारून स्वतःच सांगितलें, आणि युद्ध करून पाहिल्यावर १९४९ सालीं नेदरलँड्सनें तें ऐकिलें. गुलामगिरीबद्दल तेथील राजानें जाहीर क्षमा मागितली ती तर २०२३ सालीं.

मग राइस्डालचें चित्र भिंतीवरून उतरवावें काय? 'कलेसाठीं कला' म्हणणारे सांगतील कीं, मेघांस वसाहतींचा जमाखर्च विचारूं नका. 'जीवनासाठीं कला' म्हणणारे सांगतील कीं, ज्या चित्रांतून एवढा अन्याय वगळला गेला तें चित्र खोटें. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. चित्रांत जें आहे तें सर्व खरें आहे: तो उजेड, ती ओली हवा, तें कापड. चौकटीबाहेर जें राहिलें त्यामुळें आंतील खरें खोटें होत नाहीं. पण तेवढेंच सर्व आहे असें मानणारा प्रेक्षक मात्र फसतो. तें चित्र ज्या वाड्यांत टांगिलें आहे तो वाडा ब्राझीलमधील उंसाच्या वसाहतीचा कारभार गुलामांच्या श्रमावर चालविणाऱ्या योहान मॉरिट्स यानें बांधविला, हें ठाऊक असणारास त्या शुभ्र पट्ट्यांची शोभा कमी दिसत नाहीं. फक्त ती निर्वेध राहत नाहीं. निर्वेध आनंद हाच श्रेष्ठ आनंद, असें आम्हीं कधींच मानिलें नाहीं.

पाणी शेजाऱ्याच्या बांधांतून आपल्या घरांत शिरतें, हें ज्ञान या राष्ट्रास इतरांच्या आधीं झालें. लेबाकचें शिवारही त्याच बांधाच्या आंत येतें, हें समजावयास त्यास फार उशीर लागला, आणि तें समजावून देण्यास एका बडतर्फीच्या काठावरील अधिकाऱ्याचें पुस्तक लागलें. आमच्या वाचकांनीं 'माक्स हाव्हलार' अवश्य वाचावें, आणि तें वाचून झाल्यावर राइस्डालचें हार्लेम पुनः एकदां पाहावें. आपल्या दिवाणखान्यांतील चित्रांकडे व कपांतील कॉफीकडेही मग जरा निराळ्या नजरेनें पाहणें भाग पडेल.